हाड जुळायच्या आत मुदत संपली

गेल्या महिन्यात धारणीला जाऊन आलो. मामीच्या हातची भाकरी, वांग्याचं भरीत, अंगणातली खाट, सगळं होतं. पण मामेभाऊ समोर खुर्चीवर बसला होता, खाली बसला नाही. त्याला बसताच येत नाही. उजवा पाय दुमडत नाही. आणि हा माणूस पेशानं मेकॅनिक! ज्याचं सगळं आयुष्य गाडीखाली सतरंजी टाकून झोपण्यात आणि उकिडवं बसून नट पिळण्यात गेलं, तो आता गॅरेजमध्ये स्टुलावर बसून पोरांना सूचना देतो. पोरं दोनची एक झाली, गिऱ्हाईक निम्मं झालं.

हा लेख त्याच्याविषयी आहे, आणि थोडा माझ्याविषयीही. कारण या प्रकरणात एक चूक माझी आहे. ती आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे सरकारला शिव्या घालताना मन साफ राहील.

2022 ची दिवाळी. भाऊबीज आटोपून आठवडा झाला असेल. भाऊ गाडीचे सुटे भाग आणायला परतवाड्याला निघाला होता, काळीपिवळीनं. घाटात समोरून येणाऱ्या टेम्पोनं वळणावर आपली बाजू सोडली आणि काळीपिवळीला धडक दिली. (ज्यांनी परतवाडा-धारणी रस्ता पाहिलाय त्यांना ही वळणं सांगायला नकोत. याच रस्त्यावर सेमाडोहजवळ 2024 च्या सप्टेंबरमध्ये खासगी बस पुलावरून खाली गेली, माणसं दगावली, कितीतरी जखमी झाली.) आमच्या काळीपिवळीत कुणी गेलं नाही, एवढंच नशीब. भावाच्या मांडीचं हाड मोडलं. अमरावतीला रॉड टाकला. हाड जुळेना. होळीच्या सुमाराला नागपूरला दुसरं ऑपरेशन झालं. जूनमध्ये तो कुबड्यांवर उभा राहिला.

या सगळ्या काळात मी पुण्याहून फोन करत होतो. एकदा त्यानंच विचारलं, "दादा, त्या टेम्पोवाल्यावर क्लेम टाकाचा होता, आताच टाकाव लागन काय?" आणि मी शहाण्यासारखा म्हणालो, "आधी बरा हो. अपघाताच्या दाव्याला मुदत नसते. केस कुठे पळून जाते?"

मुदत नसते, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. आणि ते खोटंही नव्हतं. फक्त जुनं झालेलं होतं.

जुलै 2023 मध्ये आम्ही वकिलाकडे गेलो. त्यांनी कागद चाळले, अपघाताची तारीख पाहिली, बोटांवर महिने मोजले आणि म्हणाले, "आठ महिने झाले. कायदा सहा महिन्यांचा आहे. टाकून बघू शकतो, पण पहिल्याच पायरीवर उडायची शक्यता जास्त." दोन ऑपरेशनांत घर धुऊन निघालं होतं. आणखी खर्च करून उडवून घेण्यात कुणाला रस असणार? भावानं कागद परत पिशवीत घातले. बाहेर आल्यावर तो जे बोलला ते मी विसरू शकत नाही. "मले कायदा समजत नाही दादा. पण हाड जुळाले किती टाईम लागते, हे तं सरकारले मालूम असन ना?"

तर मंडळी, आजचा विषय हा आहे. सरकारला मालूम होतं का?

थोडा इतिहास सांगतो, कंटाळू नका. मोटार अपघातातल्या जखमींना भरपाई मिळावी म्हणून जी दावा न्यायाधिकरणं आहेत, त्यांच्याकडे अर्ज करायला 1939 च्या जुन्या कायद्यात मुदत होती, पण उशिराला सबळ कारण असेल तर तो माफ करायची मोकळीकही न्यायाधिकरणाला होती. 1988 साली नवा मोटार वाहन कायदा आला. त्यात कलम 166(3) नं सहा महिने दिले, आणि सबळ कारण असेल तर जास्तीत जास्त बारा महिने. म्हणजे दार अरुंद केलं. त्याचा परिणाम काय होतो ते पाच-सहा वर्षांतच दिसलं. 1994 साली संसदेनं दुरुस्ती करून हे पोटकलमच काढून टाकलं. 14 नोव्हेंबर 1994 पासून मुदत संपली, म्हणजे मुदतीची अटच संपली. 1996 साली धन्नालाल विरुद्ध डी. पी. विजयवर्गीय या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं असंही सांगितलं की, दुरुस्तीच्या आधीचा अपघात असला आणि प्रकरण अजून चालू असलं तरी या सवलतीचा फायदा मिळेल. मुदतीमुळे अपघातग्रस्तांवर अन्याय होतो हे संसदेच्या लक्षात आलं म्हणून तिनं ती काढली, असा त्या निकालाचा सूर आहे.

पुढची सत्तावीस वर्षं देश याच कायद्यावर चालला. मी ज्या कायद्याच्या भरवशावर "केस कुठे पळून जाते" म्हणालो, तो हा.

मग 2019 ची मोठी दुरुस्ती आली. तेव्हा चर्चा कशाची झाली आठवतं? हेल्मेट नसल्याचा दंड, लायसन्स नसल्याचा दंड, दारू पिऊन चालवल्याचा दंड. चौकाचौकात, पानठेल्यावर, घरोघरी दंडाचीच चर्चा. त्याच दुरुस्तीत 166(3) गुपचूप परत आलं, हे आपल्यापैकी किती जणांना कळलं? मला नाही कळलं. आणि परत आलं ते आधीपेक्षा कडक होऊन. अपघातापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज केला नाही तर तो विचारातच घ्यायचा नाही. बारा महिन्यांची शेपटी नाही, सबळ कारणाची खिडकी नाही. एकच वाक्य, पूर्णविराम. ही तरतूद लागू झाली 1 एप्रिल 2022 रोजी. तारीखसुद्धा काय निवडली बघा!

भावाचा अपघात त्यानंतर सात महिन्यांनी झाला.

आता याच देशातल्या बाकीच्या मुदती पाहू. तुम्ही शेजाऱ्याला हातउसने पैसे दिले आणि तो देत नसेल, तर दावा करायला तुम्हाला तीन वर्षं मिळतात. कुणी तुमच्या मालकीच्या जमिनीवर कब्जा केला, तर बारा वर्षं. गहाण टाकलेली जमीन सोडवायला तीस वर्षं. कामावर जखमी झालेल्या कामगाराला 1923 च्या कायद्यानं दोन वर्षं दिली होती. ग्राहक तक्रारीला दोन वर्षं. रेल्वे अपघातातल्या माणसाला एक वर्ष, आणि सबळ कारण असेल तर त्यानंतरही. आणि खुद्द सरकारला कुणावर दावा लावायचा असेल तर मुदत कायद्यानं त्याला किती वेळ दिलाय? तीस वर्षं!

म्हणजे सगळी खाती, सगळे वकील, सगळ्या फायली हाताशी असलेल्या सरकारला तीस वर्षं लागू शकतात. आणि मांडीत रॉड घेऊन पडलेल्या धारणीच्या मेकॅनिकला सहा महिने पुरेत. पाय मोडलेला माणूसच सगळ्यांत जास्त पळणार, असं बहुतेक कायदा करणाऱ्यांना वाटलं असावं.

या मुदतीचा उद्देश काय, हे मी प्रामाणिकपणे समजून घ्यायचा प्रयत्न केला. विमा कंपन्यांचं म्हणणं असं की, उशिरा आलेले दावे तपासता येत नाहीत, साक्षीदार विसरतात, आणि खोट्या दाव्यांचा धंदा चालतो. यातलं काहीच मी खोटं म्हणणार नाही. उत्तर प्रदेशात असे बनावट दावे इतके माजले की चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमावं लागलं. खोट्या दाव्याचा पैसा शेवटी तुमच्या-माझ्या प्रीमियममधूनच जातो.

पण जरा विचार करा. खोटा दावा करणारा माणूस मुदत चुकवतो का? तो तर पहिल्या महिन्यातच कागद तयार ठेवतो. त्याला वकील शोधावा लागत नाही, वकीलच त्याला शोधत येतो. मुदत चुकते ती खऱ्या जखमीची. कारण तो त्या वेळी दवाखान्यात असतो. चाळणीतून कोंडा खाली जावा म्हणून चाळायला घ्यावं आणि दाणेच फेकून द्यावेत, असा हा प्रकार आहे. आणि साक्षीदारांचं म्हणाल, तर पोलिसांत गुन्हा नोंदलेला असतो, पंचनामा असतो, गाडीचा नंबर असतो, दवाखान्याची केसपेपर असतात. आठव्या महिन्यात यातलं काय पुसलं जातं?

उलट लवकर दावा केला तर काय होतं ते पाहा. भरपाई किती, हे ठरतं माणसाला कायमचं अपंगत्व किती आलं आणि त्यामुळे त्याची कमाई किती बुडाली यावर. 2010 साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे फार छान उलगडून सांगितलंय. डॉक्टरनं लिहिलेली टक्केवारी म्हणजे कमाईतली घट नव्हे. हात गेला तर सुताराचं आणि ड्रायव्हरचं पोटच जातं, तेवढं कारकुनाचं जात नाही. माणूस काय काम करत होता आणि आता काय करू शकतो, ते बघा, असं न्यायालय म्हणतं. आता मला सांगा, माझ्या भावाचा पाय दुमडणार नाही हे कधी कळलं? दुसरं ऑपरेशन होऊन, व्यायाम करून, जूनमध्ये उभा राहिल्यावर. म्हणजे किती नुकसान झालं हे कळायच्या आत नुकसान मागायची मुदत संपलेली होती. न्यायालय म्हणतं नीट मोजून घ्या, आणि कायदा म्हणतो मोजायच्या आधीच या!

(कुणी म्हणेल, अर्ज आधी टाकायचा, प्रमाणपत्र मागून द्यायचं. बरोबर आहे, तसं करता येतं. पण हे सांगणारं माणूस जवळ असायला हवं ना. आमच्याकडे सांगणारा होता, तो मी होतो, आणि मी काय सांगितलं ते वर लिहिलंच आहे.)

आता यात मेळघाट घाला. हे न्यायाधिकरण जिल्हा न्यायाधीशाच्या पातळीवरचं. त्यासाठी धारणीच्या माणसाला घाट उतरून खाली यावं लागतं. अमरावती दीडशे किलोमीटरच्या घरात. धडधाकट माणसाचा त्यात दिवस जातो. कुबडीवरच्या माणसाचा किती जातो, आणि सोबत येणाऱ्याची मजुरी किती बुडते, हा हिशोब दिल्लीत कुणी केला नसणार.

आणि आता मला त्या बाईंबद्दल लिहायचंय.

त्याच काळीपिवळीत एक कोरकू जोडपं होतं, हरिसालच्या पुढच्या एका गावातलं. दिवाळीनंतर मेळघाटातली कितीतरी कुटुंबं कामाला खाली उतरतात. शेतात, बांधकामावर, वीटभट्टीवर. हे दोघं वीटभट्टीवर निघाले होते. मुकादमाकडून उचल घेतलेली. बाईंचा हात कोपरातून मोडला. नवरा तिला गावी सोडून तीन दिवसांनी एकटाच भट्टीवर गेला, कारण उचल फेडायची होती. बाईंच्या हाताला गावातच पट्टी बांधली, पुढे जमेल तसे उपचार झाले. हात वाकडाच जुळला. नवरा होळीला परत आला. कोरकूंचा सगळ्यांत मोठा सण होळी, त्याला माणूस कुठेही असला तरी घरी येतो. पाच-सात दिवस राहिला आणि पुन्हा गेला. मोजा आता. नोव्हेंबर ते होळी चार महिने. होळी ते पाऊस आणखी तीन. ही सहा महिन्यांची मुदत आणि मेळघाटातलं स्थलांतर जवळपास एकमेकांवर मापून बसवल्यासारखं आहे. पाऊस पडून माणूस गावी स्थिर होईस्तोवर हक्क संपलेला.

या वेळी भावाबरोबर मी त्यांच्या गावी गेलो होतो. भरपाई मिळू शकत होती, हे त्यांना पहिल्यांदा माझ्याकडून कळलं. तीन वर्षांनी! हरिसाल 2016 मध्ये देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून केवढं गाजलं होतं. त्याच्या शेजारच्या गावात ही बाई वाकड्या हातानं पाणी भरत होती आणि कायदा म्हणत होता, तू वेळेवर आली नाहीस.

भावानं मुदत चुकवली असं तुम्ही म्हणू शकता. तो शिकलेला आहे, फोन आहे, पुण्यात एक दीडशहाणा भाऊ आहे. पण या बाईंनी काय चुकवलं? जे माहीतच नाही ते माणूस चुकवतो कसं?

आता सरकारच्या बाजूनं एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर मी खोटा ठरेन. याच 2019 च्या दुरुस्तीत एक चांगलं कलमही आहे. कलम 159 म्हणतं, अपघाताचा तपास करताना पोलिसांनी अपघाताचा अहवाल तयार करून तीन महिन्यांत दावा न्यायाधिकरणाकडे पाठवायचा. आणि 166(4) म्हणतं की तो अहवालच भरपाईचा अर्ज समजायचा. 2022 च्या नियमांत तर तारखाच ठरवून दिल्यात. पहिला अहवाल 48 तासांत, अंतरिम 50 दिवसांत, सविस्तर 90 दिवसांत. डिसेंबर 2022 मध्ये गोहर मोहम्मद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे सगळं नीट राबवा म्हणून राज्यांना निर्देशही दिले. म्हणजे व्यवस्था नीट चालली तर जखमीनं दवाखान्यातून उठायचीही गरज नाही. पोलीसच त्याचा अर्ज नेऊन देतील.

किती सुंदर! आम्ही ज्या ठाण्यात विचारायला गेलो (नाव घेत नाही, माणसं वाईट नव्हती, चहा पाजला), तिथे असा अहवाल गेला होता की नाही, हे कुणालाच सांगता आलं नाही. साहेब बदलून गेले होते. फाईल शोधून ठेवतो म्हणाले.

माझा राग नेमका इथे आहे. पोलिसांनी 90 दिवसांत अहवाल पाठवला नाही तर पोलिसांचं काय बुडतं? काही नाही. विमा कंपनीनं वर्षानुवर्षं तारखा घेतल्या तर तिचा बचाव फेटाळला जातो का? नाही. सगळ्या साखळीत मुदत चुकवल्याबद्दल सर्वस्व गमावणारा एकच प्राणी आहे, तो म्हणजे जखमी. ज्याला सगळ्यांत कमी माहिती, ज्याच्याकडे सगळ्यांत कमी पैसा आणि ज्याचं अंग सगळ्यांत जास्त दुखतंय, शिस्त फक्त त्यालाच.

मुदत मुळीच नको, असं माझं म्हणणं नाही. वीस वर्षांनी उठून कुणी दावा करावा हे मलाही पटत नाही. पण मुदत मोजायची तर कुठून मोजायची? मी म्हणतो, पोलीस जखमीच्या हातात लेखी सूचना देतील त्या दिवसापासून मोजा. मराठीत द्या, आणि मेळघाटात असाल तर कोरकूत वाचून दाखवा, कारण ही भाषा बोलण्यातली आहे, कागद हातात देऊन भागत नाही. सूचना दिली नसेल तर मुदत सुरूच होणार नाही. बघा मग कशा सूचना भराभर पोचतात! आणि उशिराला खरं कारण असेल तर तो माफ करायचा अधिकार न्यायाधीशाला परत द्या. 1939 च्या, इंग्रजांच्या काळातल्या कायद्यात जो विश्वास न्यायाधीशावर होता, तो आपण आपल्याच न्यायाधीशांवर का ठेवू नये?

या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलंय. नोव्हेंबर 2025 मध्ये न्यायालयानं अंतरिम आदेश दिला की, आव्हानाचा निकाल लागेपर्यंत केवळ 166(3) च्या मुदतीत नाही या कारणानं कोणताही दावा न्यायाधिकरणानं किंवा उच्च न्यायालयानं फेटाळू नये. ही बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. आनंदानं नाही. आपण जुलै 2023 मध्ये, उडेल तर उडेल म्हणून, तो अर्ज टाकून ठेवला असता तर, हा विचार डोक्यातून जाईना. पिशवीतले कागद पिशवीतच राहिले.

पण अंतरिम म्हणजे तात्पुरता. दार किलकिलं आहे, उघडं नाही. म्हणून गेल्या महिन्यातल्या त्या धारणीच्या मुक्कामात मी आणि भावानं ती पिशवी पुन्हा काढली. अमरावतीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं ठरलंय. आणि त्या बाईंनाही सोबत न्यायचं ठरलंय. 1987 च्या कायद्याप्रमाणे अनुसूचित जमातीच्या माणसाला आणि कुठल्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. बाईंना तर दोन्ही कारणांनी. भाऊ आधी तयार नव्हता. "आता काय फायदा, जाऊ द्या ना दादा" म्हणाला. मग मी त्याला म्हणालो, माझ्यासाठी चल. माझ्या तोंडून निघालेल्या त्या एका वाक्याचं ओझं तेवढं उतरेल.

आणि नातेवाईकांनो, तुम्ही सगळे हे वाचता म्हणून हात जोडून सांगतो. देव करो आणि वेळ न येवो, पण रस्त्यावर कुणाला काही झालं, तर दवाखान्याच्या पिशवीत पहिल्या दिवसापासून एक कागद वेगळा ठेवा. गुन्हा नोंदल्याची प्रत, गाडीचा नंबर, अपघाताची तारीख, आणि तिच्यापुढे सहा महिन्यांनी येणारी तारीख मोठ्या अक्षरात. न्यायालयाचा निकाल काहीही लागो. कुणी म्हणालं ना, "केस कुठे पळून जाते", तर त्याला माझं नाव सांगा.

भावाची गाडी सोमवारची ठरली आहे. या खेपेला तो पुढच्या सीटवर बसणार, तिथे पाय लांब करता येतो.